चरित्रबाईंना बोलवा

मित्रांनो, आधी एक विनंती. मला पाहून दार लावून घेऊ नका. मी एक जुना टाइपरायटर आहे, दुसरेतिसरे काही नाही. माझी रिबीन वाळून कडक झाली आहे, दोन-चार अक्षरांचे कोपरे झिजले आहेत आणि माझ्या पेटीची कडी मोडल्यामुळे ती चामड्याच्या पट्ट्याने बांधून ठेवलेली असते. नवी कडी बसवून देणारे हात आता नाहीत. पण एके काळी मी नुसता जिन्यात दिसलो, तरी धडधाकट माणसे आत पळून कडी लावून घ्यायची. असे का व्हायचे, ते मला तुम्हांला सांगायचे आहे. ते ऐकायला तुम्हांला आवडेलच असे नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे लांबलचक टेबलांपाशी बसलेल्या बायका एकेक अक्षर माझ्या पोटात बसवत होत्या. शेवटच्या टेबलावरच्या बाईंनी माझ्या रुळावर कागद चढवला आणि सगळी अक्षरे एका ओळीत उमटवून पाहिली. ओळ संपत आली तशी माझी घंटी टिंग करून वाजली. त्या बाई हसून म्हणाल्या, "हा बोलका आहे गं!" हे माझे पहिले कौतुक. मी ते अजून विसरलेलो नाही, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

पुढे माझी बरीच वर्षे एका कचेरीत गेली. तिथे मी 'सबब' आणि 'उपरोक्त' असले शब्द लिहून लिहून कंटाळलो. त्या दिवसांबद्दल मी फार बोलत नाही, कारण तुम्ही झोपी जाल. मग एक दिवस ती कचेरी बंद व्हायची ठरली. सामान बांधताना लक्षात आले की तिजोरीची किल्ली कुणाकडेच नाही. तेव्हा नाक्यावरच्या कुलूपवाल्याला बोलावणे गेले.

तो उंच होता, थोडा वाकलेला होता आणि डावा पाय ओढत चालायचा. टप्, सर्र. टप्, सर्र. माणूस दिसण्याआधी त्याची चाल ऐकू यायची. तो तिजोरीला कान लावून बसला, तिच्याशी काहीतरी पुटपुटला आणि ती उघडली. साहेबांनी मजुरी विचारली, तेव्हा त्याने माझ्याकडे बोट दाखवले. "हे देता का? आमच्या छोटीला हवंय," तो म्हणाला. मग त्याने मला खांद्यावर घेतले आणि तसाच पाय ओढत ओढत तिसऱ्या मजल्यापर्यंत चढला. वाटेत एकदाही त्याने मला खाली ठेवले नाही.

छोटी म्हणजे त्याची धाकटी बहीण. ती चांगली मोठी, चष्मा लावणारी बाई होती, पण त्याच्या लेखी छोटीच. दोघांचे आईवडील कधीच गेले होते. भावाने शाळा सोडून कुलपांचे दुकान घातले आणि बहिणीला शिकवले. दोन खोल्यांत दोघे राहत. एका खोलीत त्याच्या किल्ल्या टांगलेल्या, दुसरीत तिची पुस्तके. मला खिडकीजवळच्या टेबलावर जागा मिळाली. कचेरीनंतर ती खिडकी म्हणजे मला स्वर्गच वाटला.

छोटीने त्या टेबलावर एक नवाच उद्योग सुरू केला. ती लोकांची चरित्रे लिहून देऊ लागली. थोरामोठ्यांची नव्हे, साध्यासुध्या माणसांची. पहिले चरित्र एका मुख्याध्यापिकेचे होते. त्यांच्या विद्यार्थिनींना निवृत्तीच्या दिवशी बाईंना काहीतरी वेगळे द्यायचे होते. छोटी मला घेऊन त्यांच्या घरी गेली आणि पहिल्याच भेटीत म्हणाली, "बाई, जरा उठून या भिंतीपासून त्या खिडकीपर्यंत चालून दाखवता का?"

मुख्याध्यापिका चकित झाल्या. "चालून? अगं, तुला माझं चरित्र लिहायचंय ना? की मला स्पर्धेत उतरवतेस?"

"चरित्र म्हणजे तेच की," छोटी म्हणाली. "मूळ शब्दच चालण्यातून आलाय. माणूस कसकसा चालत आला त्याची गोष्ट म्हणजे चरित्र. तो कुठे थांबला याची नव्हे."

मुख्याध्यापिका हसत हसत चालल्या. ताठ मान, झपाझप पावले, आणि वर्गाच्या दारापाशी आल्यासारखे खिडकीजवळ क्षणभर थबकणे. छोटीने पहिली ओळ त्यावरूनच लिहिली. पुढे तिची हीच पद्धत झाली. आधी चाल बघायची, मग बोलणे ऐकायचे. कोणी मागे हात बांधून चालायचे, कोणी घाईघाईने, मागे कोणी लागल्यासारखे. त्यातून कितीतरी गोष्टी निघायच्या. माणसे सांगताना रडायची, हसायची, एकमेकांना दुरुस्त करायची. गल्लीतले लोक कौतुकाने तिला चरित्रबाई म्हणू लागले, आणि माझ्या घंटीचा आवाज आला की मुले खिडकीखाली गोळा होत. मला तेव्हा फार अभिमान वाटायचा. मी अंगाने लोखंडी असलो तरी मनाने तसा नाही.

कुलूपवाला दर सुट्टीच्या दिवशी मला तेल घालायचा. माझा स्क्रू न् स्क्रू त्याला ठाऊक होता. असाच एकदा मला पुसता पुसता तो म्हणाला, "छोटे, सगळ्या गावाचं लिहितेस. माझं कधी लिहिणार?"

"तुझं काय लिहायचं, दादा? कुलूप उघडलं, कुलूप लावलं. झालं चरित्र!"

तो मनापासून हसला. मग म्हणाला, "आईचं आहे ना माझ्याकडे. तुला ती आठवते का?"

छोटीने नाही म्हणून मान हलवली. आई गेली तेव्हा ती रांगत होती. आईचा एक फोटोसुद्धा घरात नव्हता. आई कशी दिसायची, कशी हाक मारायची, रागावली की काय म्हणायची, हे जगात आता एकाच माणसाला माहीत होते.

"आई गेली तो दिवस आणि हा पाय," कुलूपवाला आपल्या डाव्या पायावर थाप मारून म्हणाला, "दोन्ही एकाच दिवसाचं आहे. तू पण होतीस त्यात. तुला सांगायला हवं एकदा."

"लिहू की सावकाश," छोटी म्हणाली. "तू कुठे पळून चाललायस?"

तेव्हा खरोखरच कसलीही घाई नव्हती.

मित्रांनो, नेमके कुठे बिनसले ते मी सांगू शकतो, कारण लोकांनी ते माझ्यासमोरच छोटीला सांगितले. आमच्या गल्लीतले डॉक्टर माणूस म्हणून फार चांगले, पण हळवे. वाईट बातमी देणे त्यांना जमत नसे. लाँड्रीवाल्याचे दुखणे बळावले, तेव्हा त्यांनी त्याला तपासले, हात धुतले, टॉवेलाला हात पुसत खिडकीबाहेर बघितले आणि त्याच्या बायकोला म्हणाले, "आता चरित्रबाईंना बोलवा." झाले! खरे ते त्यांना सांगावे लागले नाही, आणि काही न सांगता निघून गेल्यासारखेही झाले नाही.

आम्ही गेलो. लाँड्रीवाला अंथरुणातून उठू शकत नव्हता. छोटीने त्याच्या बायकोला विचारले, "ते कसे चालायचे?" तिने 'चालायचे' म्हटले आणि ते ऐकून बायको रडू लागली. चार पाने झाली आणि लाँड्रीवाला गेला.

डॉक्टरांना ते वाक्य सोयीचे वाटले. शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या घरी ते तसेच म्हणाले. मग घोड्यांना नाल मारणाऱ्या म्हाताऱ्याच्या घरी. मग आणखी कितीतरी घरी. प्रत्येक वेळी तोच टॉवेल, तीच खिडकी, तेच वाक्य. आणि प्रत्येक वेळी आम्ही पोहोचलो, की पाठोपाठ ते घर रडायचे. लोकांना दोन आणि दोन चार करायला वेळ लागत नाही, जरी त्यांचे उत्तर पाच येत असले तरी.

हळूहळू गल्लीत त्या शब्दाचा अर्थच फिरला. कोणी फार आजारी पडले, की बायका दबक्या आवाजात म्हणत, "त्यांचं चरित्र सुरू झालं वाटतं." कोणी वारले, की "चरित्र आटोपलं." भांडणात एकमेकांना शाप देताना लोक म्हणू लागले, "तुझं चरित्र निघो!" चांगला, चालताबोलता शब्द. त्याला लोकांनी तिरडीवर बांधला. माझी घंटी वाजली की खिडकीखाली मुले जमेनाशी झाली. आया त्यांना ओढून घरात नेत. छोटी मला घेऊन रस्त्याने निघाली, की समोरचा माणूस पलीकडच्या बाजूला जायचा आणि दुकानदार उगाचच पाठ करून बरण्या लावत बसायचे.

एकदा तर गंमतच झाली. एका फर्निचरवाल्याचा पाय मोडला होता, बाकी तब्येत ठणठणीत. त्याच्या साठीला भेट द्यावी म्हणून मुलाने गुपचूप छोटीला बोलावले. आम्ही दारात उभे राहिलो. फर्निचरवाल्याने आधी माझ्या पेटीकडे पाहिले, मग मुलाकडे. "अरे, डॉक्टर मला काय बोललेच नाहीत! तुला बोलले?" असे ओरडून तो उठला आणि लंगडी घालत आतल्या खोलीत पळाला. पायाला प्लास्टर असताना माणूस इतक्या वेगाने जाऊ शकतो, हे मी तेव्हाच पाहिले. त्याने आतून कडी लावून घेतली. कितीही समजावले तरी उघडेना.

गल्ली पुढे कितीतरी दिवस हसत होती. छोटी मात्र हसली नाही. घरी येऊन तिने मला टेबलावर ठेवले आणि पेटी न उघडताच समोर बसून राहिली. अंधारून आले तरी तिने दिवा लावला नाही. त्या दिवसापासून तिच्या मनात काहीतरी शिरले. ते मला तिच्या बोटांवरून कळायचे. आधी ती कळांवर थाप मारायची, आता गरम भांड्याला हात लावावा तशी बोटे लावायची.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी कुलूपवाला तेलाची बाटली घेऊन आला. त्याला थोडा खोकला झाला होता. मला पुसून त्याने स्वतःच रुळावर कोरा कागद चढवला, समोर खुर्ची ओढली आणि म्हणाला, "चल छोटे, बस. आज माझं घेऊ. आधी चालून दाखवू का?"

छोटीने तो कागद खसकन ओढून काढला. "दादा, पुन्हा हे नाव काढायचं नाही."

"कशाचं नाव?"

"तुला माहितेय कशाचं."

कुलूपवाल्याने तेलाची बाटली खाली ठेवली. "तू पण? अगं, शिकलेली ना तू? ते लोक जायचेच होते. तुला शेवटी बोलावतात, त्याला तू काय करणार?"

"मला कळतंय सगळं," छोटी म्हणाली. "पण तुझ्या बाबतीत मला नाही कळून घ्यायचं. मला तू एकच आहेस."

तिने मला उचलले, कपाटात ठेवले आणि बाहेरून कुलूप घातले. ते कुलूप त्याच्याच दुकानातले होते. मित्रांनो, जगातले कोणतेही कुलूप त्या माणसाने डोळे मिटून उघडले असते. पण बहिणीने लावलेले ते कुलूप त्याने उघडले नाही.

मग माझे कपाटातले दिवस सुरू झाले. दाराच्या फटीतून खोलीचा एक उभा तुकडा दिसायचा: पलंगाची कड, खिडकी आणि नळ. बाकी सगळे ऐकूनच कळायचे. जेवताना कुलूपवाला कधीतरी सहज बोलल्यासारखा सुरुवात करायचा, "त्या दिवशी सकाळी आई तुला कडेवर घेऊन..." की लगेच ताटल्या वाजायच्या. छोटी उठायची आणि नळ पूर्ण सोडायची. पाण्याच्या आवाजात पुढचे बुडून जायचे. तो थांबायचा. नळ बंद झाला, तरी पुन्हा सुरू करायचा नाही. असे किती वेळा झाले! आपण भावाला वाचवतो आहोत, असे तिला मनापासून वाटत होते. आत कपाटात मला ओरडावेसे वाटे, की बाई गं, नळ बंद कर, ऐक! पण कुणी कळ दाबल्याशिवाय मला बोलता येत नाही. आमच्या जातीला तो शापच आहे.

जिन्यावरची चाल बदलत चालली होती. आधी टप्, सर्र. मग टप्, थोडी वाट पाहणे, सर्र. मग प्रत्येक मजल्यावर विसावा. छोटीलाही ते ऐकू येत असणार. ज्या बाईने आयुष्यभर माणसांची चाल वाचली, तिला ती नको तितकी वाचता येत होती. ती दाराशी जाऊन उभी राहायची आणि चाल अगदी जवळ आली, की परत येऊन काहीतरी काम करत असल्याचे दाखवायची.

एका दुपारी ती चाल दुसऱ्या मजल्यापर्यंत आली. टप्. मी पुढच्या आवाजाची वाट पाहिली. तो आला नाही. किल्ल्यांचा जुडगा पायऱ्यांवरून खळखळत खाली गेला, आणि मग छोटीने फोडलेली किंकाळी ऐकू आली.

शेजाऱ्यांनी त्याला उचलून पलंगावर निजवले. डॉक्टर धावत आले. त्यांनी त्याला तपासले, हात हलवून पाहिले, काही विचारले. त्याच्या तोंडून शब्द आला नाही. डॉक्टर नळाशी आले, त्यांनी हात धुतले. शेजारी टॉवेल धरून कोणीतरी उभे होते. त्यांनी तो घेतला, हात पुसले, खिडकीबाहेर बघितले आणि सवयीने म्हणाले, "आता चरित्रबाईंना..."

आणि ते थांबले. टॉवेल धरून उभी होती ती छोटीच.

डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. ज्या वाक्याआड ते इतकी वर्षे लपले होते, ते वाक्य आता त्यांना पुरे करता येईना आणि परतही घेता येईना. "माफ करा," ते कसेबसे म्हणाले. "त्यांची वाचा गेलीय. उजवा हातही. ऐकू येतंय, कळतंय सगळं. पण... वेळ फार नाही." आयुष्यात पहिल्यांदाच ते इतके सरळ बोलले असतील.

सगळे गेल्यावर छोटीने कपाट उघडले. कुलपात घालताना किल्ली तिच्या हातून दोनदा खाली पडली. तिने मला पलंगावर त्याच्या शेजारी ठेवले, कागद चढवला आणि त्याच्या कानाशी वाकली.

"दादा, सांग ना. आईचं सांग. मी लिहिते. मी नाही उठणार आता, नळ नाही सोडणार. सांग रे."

त्याचे ओठ हलले. घशातून नुसता वारा आला. त्याच्या डोळ्यांतून पाणी उशीवर ओघळले. छोटी त्याच्या छातीवर डोके ठेवून रडली. माझ्या अंगावर तिचे केस पसरले होते. मी इतक्या घरांत इतके रडणे पाहिले, पण असले नाही पाहिले.

मग त्याचा डावा हात हळूच माझ्याकडे सरकला. त्याने माझ्या कळा चाचपल्या. अनोळखी कुलूप हातात आले, की तो आधी असाच बोटे फिरवून बघायचा. छोटीने मान वर केली. त्याचे बोट एका कळेवर थांबले. जोर पुरला नाही. त्याने पुन्हा दाबली आणि माझा एक दांडा उठून कागदावर आदळला. मग दुसरा, नुसत्या कान्याचा. मग पुष्कळ वेळाने तिसरा. छोटी कागदाकडे वाकली. कागदावर उमटले होते:

आई

"हो दादा, आई. पुढे? आई काय?"

बोट पुढच्या कळेवर गेले. ते तिथेच टेकून राहिले. त्याची नजर छोटीवर होती, आणि त्या नजरेत तो दिवस होता, तो पाय होता, कडेवरची पोर होती, सगळे होते. कळ मात्र दबली नाही. थोड्या वेळाने छोटीने ते बोट उचलून आपल्या हातात घेतले.

तो आणखी काही दिवस होता. हात पुन्हा उठला नाही.

मित्रांनो, चरित्र लिहायला घेतल्याने कोणीही मरत नाही. कुलूपवाल्याचे तर एक पानसुद्धा लिहिले गेले नव्हते, तरी तो गेला. छोटीने हे मोठ्याने वाचून दाखवावे तसे माझ्यासमोर अनेकदा म्हटले आहे. 'आई' हा शब्द तिला आधीपासून येत होता. तिला पुढचे हवे होते. ते आता कोणत्याही घरात, कोणत्याही कपाटात, कोणत्याही कुलपाआड नाही.

माझी निगा राखा, मला तेल घाला, असे सांगण्यासाठी मी हे बोललो नाही. माझे जे व्हायचे ते होईल. पण तुमच्या घरी कोणी जेवता जेवता "त्या दिवशी काय झालं..." असे म्हणून सुरुवात केली, तर ताटल्या वाजवू नका. पुढचे विचारा. ते माणूस अजून या भिंतीपासून त्या खिडकीपर्यंत चालू शकते, तोवर विचारा. त्याला टाइपरायटर लागत नाही.

आता छोटीचे केस पांढरे झाले आहेत. ती कुणाचेही चरित्र लिहीत नाही. संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसते आणि बोटे कळांवर ठेवते, दाबत मात्र नाही. खाली गल्लीत बायका तिच्या खिडकीकडे बघून कुजबुजतात, "बाईंचंच सुरू झालं वाटतं." तिचे लिहायला कुणाला बोलावणार, हे त्यांना ठाऊक नाही. मलाही नाही. तिची सुरुवात ज्याला माहीत होती, तो गेला.

तो कागद अजून माझ्या रुळावर आहे. तिने तो काढला नाही. ओळ पुरी झाली नाही, म्हणून माझी घंटीही वाजलेली नाही.